उजवी बाही

माझा नवरा लोकांचे दात करतो. डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि त्यावरून हे आमच्या मागच्या खोलीत कवळ्या तयार करतात. मेण, प्लास्टर, छोटी ज्योत, खरखर करणारं एक मशीन आणि खिडकीपाशी स्टूल, एवढाच त्यांचा संसार. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातून गेलंय, असं हे कधीमधी म्हणतात, आणि तेवढं एक वाक्य बोलून आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. बोलायचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे आणि ते मी चोख सांभाळते.

मी शर्टाच्या कारखान्यात चेकर. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा आणि त्यात चूक आहेच असं धरून पाहायला सुरुवात करायची. सुटलेला टाका, तिरकी पट्टी, सुईचं जास्तीचं भोक. चांगला शर्ट शोधायचा नसतोच. वाईट काही सापडलं नाही, की नाइलाजाने त्याला चांगला म्हणायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर स्वभावही तसाच होतो. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, तुला स्वर्गात घेतलं ना, तरी तू आधी तिथल्या गादीची शिवण बघशील."

ह्यांना नाद एकच, गळ टाकण्याचा. दर रविवारी सकाळी काठी काखोटीला मारून पाणीपुरवठ्याच्या तलावावर जायचं, वाकड्या झाडाखालच्या आपल्या दगडावर बसायचं आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बुचाकडे बघत राहायचं. मासा लागला की त्याला सोडून द्यायचं. एकही मासा कधी घरी आला नाही. गळाला जो उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा अडकून राहतो, तो हे कवळीच्या पक्कडीने दाबून सपाट करतात. म्हणजे गळ अलगद निघतो आणि ओठाला राहतं फक्त एक बारीक भोक, मशीनच्या सुईने पाडल्यासारखं. नवीन लग्न झालं तेव्हा मीही बरोबर जायचे. ह्यांनी मला सगळं दाखवलं होतं. मासा पाण्याखाली आडवा धरायचा, त्याला पुन्हा दम येईपर्यंत थांबायचं, मग बोटं सैल करायची.

"धरून सोडायचा, तर धरायचा कशाला?" मी विचारलं होतं.

"भेट होते ना," हे म्हणाले.

"मग मलाही भेटून सोडायचं होतं."

त्यावर हे हसले होते. पण ह्या भेटीगाठींत ह्यांची उजवी बाही कोपरापर्यंत भिजते. बाही वर करा, बाही वर करा, म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आले. "विसरतो गं," एवढंच उत्तर. शर्ट धुणारी मी, त्यामुळे मला पाठ आहे. रविवारी उजवी बाही ओली आणि कोपराशी चिखलाची एक रेघ.

मग तो आजार आला आणि सगळ्याला टाळं लागलं. कारखाना बंद झाला. तोंड उघडायलाच लोक घाबरायला लागले, तिथे दात कोण बसवून घेणार? मला लहानपणापासून दमा. छातीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "बाई, हा आजार तुमच्या घरात शिरता कामा नये. तुमच्या छातीला तो झेपायचा नाही." फोन स्पीकरवर होता. हे उठले आणि दाराची कडी साबणाच्या फडक्याने पुसायला लागले. पुसून झाली की परत पुसायचे. मला त्या दिवशी खरी भीती वाटली, आजाराची वाटली त्याहून जास्त ह्यांच्या त्या पुसण्याची.

मागच्या खोलीत फळीवर तयार कवळ्या वाट बघत होत्या. एकदा डॉक्टरांचा फोन आला, "ती वरची कवळी राहू द्या आता. आजोबा गेले." मग दुसऱ्या कोणाचा आला. हे त्या कवळ्या टाकून देत नव्हते. त्यांच्याकडे बघत स्टुलावर बसून राहायचे. मशीन बंद, खोलीत मेणाचा वास. मी चहा ठेवून यायचे आणि थंड झालेला परत आणायचे.

म्हणून तलावावर जायचं त्यांनी काढलं तेव्हा मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पाण्याकाठी एकटा बसलेला माणूस जिन्यात भेटणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित. पण आमच्या इमारतीच्या ग्रुपवर त्यावरून रणकंदन झालं. तळमजल्यावरच्या ड्रायक्लीनवाल्यांनी लिहिलं, "मासे धरणं ही अत्यावश्यक सेवा कधीपासून झाली? आम्ही घरात कोंडून घ्यायचं आणि ह्यांनी तलावावर हवा खायची?" कोणी लिहिलं, बसू दे की बिचाऱ्याला, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. समोरच्या शिक्षिकाबाईंनी लिहिलं, आज एक जाईल, उद्या सगळी इमारत काठ्या घेऊन निघेल. मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि दोन्ही बाजू पटल्या की माणसाला भांडताही येत नाही. मी चक्क गप्प बसले.

शेवटी तलावाच्या फाटकावर पोलीस येऊन बसला. पोटासाठी मासे धरणाऱ्याला आत सोडायचं, शौक म्हणून येणाऱ्याला नाही, असा नियम निघाला. आता पोट कुठलं आणि शौक कुठला, हे ओळखायचं कसं? परतताना पिशवी उघडून. आत मासा असला तर ते पोट. रिकामी असली तर तो शौक, आणि शौकवाल्याला पुढे फाटक बंद.

"मग तुमचं संपलंच की," मी म्हणाले. हे नुसतं हं म्हणाले आणि काठी घेऊन गेले. परत आले ते पिशवीत मासा घेऊन. तो मोरीत ठेवला, शर्ट बाहेरच्या साबणाच्या बादलीपाशी टाकला आणि सरळ आंघोळीला गेले.

मी त्या माशाकडे बघतच राहिले. दाराबाहेरून विचारलं, "तुम्ही मारलात?"

"आणलाय ना," आतून उत्तर आलं.

मी चेकर आहे. विचारलं एक आणि उत्तर आलं दुसरंच, की माझे कान टवकारतात. पण म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्याच्या जिवावर आलं असेल. मासा तळला. हे भूक नाही म्हणाले आणि ताटावरून उठले.

पुढच्या वेळी आला तो मासा मात्र मी दिव्याखाली धरला. आधी ओठ पाहिला. वरचा पाहिला, खालचा पाहिला, जबड्याचे कोपरे ताणून पाहिले. कुठेही भोक नव्हतं. धड, कोरा ओठ. आणि कल्ल्यांच्या मागे गोल वळसा घालून खवलं निघालेली, गळ्याला दोरा आवळल्यासारखी. हा मासा गळाला लागलाच नव्हता, जाळ्यात अडकला होता. पिशवीच्या तळाशी हात घातला तर बर्फाचा बारीक तुकडा हाताला लागला. तलाव बर्फ देत नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

म्हणजे हे गळ टाकतच नाहीत. मग काठी घेऊन जातात कुठे?

बहिणीला फोन केला. ती घरात बसून कंटाळलेलीच होती, तिला आयतीच करमणूक मिळाली. "ताई, बाई असणार," ती म्हणाली.

"साठीला टेकलेल्या दातवाल्याच्या मागे कोण बाई लागणार गं?"

"दात पडलेली," ती म्हणाली आणि खिदळली.

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर हसू येईना. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. जाताना हे मास्क कसा बांधतात, येताना कसा असतो. कोणाचा फोन येतो का? येत नव्हता. निघताना आरशात बघतात का? कधीच बघितलं नव्हतं, आताही बघत नव्हते. आल्यावर माझ्या नजरेला नजर देतात का? तेवढंच देत नव्हते. मासा मोरीत ठेवताना माझ्याकडे पाठ करायचे.

मग शर्ट. हे आंघोळीला गेले की मी रबराचे हातमोजे चढवायचे आणि बादलीपाशी बसायचे, कारखान्यातल्यासारखी. आणि तिथेच माझी मती गुंग झाली. उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. कोपराशी चिखलाची रेघ. जशी दर रविवारी असायची तशीच. बाही सांगत होती की ह्यांनी मासा धरून पाण्यात सोडला. पिशवी सांगत होती की मासा दुसऱ्याच कोणी मारला. दोघींपैकी खोटं कोणीच बोलत नव्हती.

मी शर्ट उलटा केला. डाव्या खांद्याला डिझेलचा वास होता. पाठीवर खवल्यांचा चुरा चिकटला होता, तोही एका आडव्या पट्ट्यात, कोणी टोपली घासत गेल्यासारखा. स्वतःच्या पाठीला आपण मासा लावत नाही. ह्यांच्या मागून कोणीतरी गेलं होतं, अगदी खेटून.

बाईचा संशय तिथेच संपला. त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. 

पुढच्या सकाळी हे निघाल्यावर मी दोन मास्क बांधले, दम्याचा पंप खिशात टाकला आणि मागे गेले. कितीतरी दिवसांनी रस्त्यावर पाऊल टाकलं होतं. दुकानांची शटर खाली, सिग्नल कोणासाठी नसताना लाल हिरवे होत होते. तलावाच्या कुंपणाबाहेरून एक रस्ता जातो. तिथून वाकडं झाड दिसतं. झाडाखाली हे बसले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी जाळीला नाक लावून उभी राहिले.

बूच बुडालं. ह्यांनी काठी उचलली, मासा काठाशी आणला, गुडघ्यावर बसले आणि हात बाहीसकट पाण्यात घातला. तोंड अगदी पाण्याजवळ नेलं होतं. काहीतरी बोलत असावेत असं वाटलं. माझ्याशी आठवड्यात बोलतात त्याहून जास्तच असेल. मग हात रिकामा वर आला. आणि तिथे उन्हात उभ्या उभ्या मला रडू फुटलं. बायको संशयाने कुंपणाला चिकटली आहे आणि नवरा माशाला दम खाऊ देतो आहे.

पण रडू आवरेपर्यंत ह्यांनी सामान आवरलं होतं. हे फाटकाकडे वळले नाहीत. काठाकाठाने चालत पलीकडे जाळीवाल्यांच्या होड्या लागतात त्या धक्क्याकडे गेले. तिथे बाजार भरला होता. टोपल्या, बर्फ, ओरडाआरडा, हनुवटीखाली आलेले मास्क, माणसावर माणूस. आणि घरातली कडी पुन्हा पुन्हा साबणाने पुसणारा माझा नवरा त्या गर्दीत खांदा घालून आत शिरला. बाहेर आला तेव्हा हातात एक मासा होता. तो पिशवीत टाकून, पोलिसाला दाखवून, भल्या माणसासारखा घरी निघाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छाती आवळून आली ती वेगळीच. मी कुंपणाशी खाली बसून पंप ओढला.

घरी आले तोवर ह्यांची आंघोळ झाली होती. मी दारातूनच विचारलं, "धक्क्यावर किती वेळा गेलात?"

ह्यांनी माझ्या तोंडावरचे दोन मास्क पाहिले. मग म्हणाले, "तू बाहेर गेली होतीस? तुला बाहेर जायचं नाही, हे माहीत नाही?"

"मला विचारताय? तुम्ही? एकट्याने झाडाखाली बसता म्हणून मी सगळ्या इमारतीचं ऐकून घेतलं. आणि तुम्ही त्या गर्दीत लोळून येता!"

"पिशवी रिकामी दिसली तर पोलीस उद्या सोडणार नाही."

"मग धरलेल्यातला एक आणा की! एक मासा, अहो, एक!"

हे स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. "मारवत नाही गं," म्हणाले. "इथे बसलं की ती फळी दिसते. एकेक कवळी बघितली की तोंड आठवतं. तिथे गेलं की निदान एक तरी जीव हातातून परत जातो. तिथेही मारायचं म्हटलं तर मी जाऊ कशाला?"

इतकं सलग हे कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं. दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मला मात्र अजून कुंपणाशी बसलेली मी दिसत होते, श्वासासाठी तोंड उघडून.

"मासा मारवत नाही," मी म्हणाले, "म्हणून माझ्या छातीत आणून सोडताय तो आजार."

ह्यांनी उठून उशी घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काय व्हायचं असेल ते कळेपर्यंत तिथेच राहिले. मी ताट दाराशी ठेवायचे, हे मी लांब गेल्यावर उचलायचे. मला दम्याचा खोकला आला की आतली हालचाल थांबायची. मी मुद्दाम उशीत तोंड खुपसून खोकायचे, पण पातळ दारातून काय लपणार? दोघं भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांचे आवाज तपासत बसलो होतो. कोणालाच काही झालं नाही. झालं असतं तर काय, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

दार उघडल्यावर मी म्हणाले, "जा हवं तर तलावावर. पण धक्क्याला पाय लावायचा नाही."

"नाही लावणार," हे म्हणाले आणि गेले.

नेहमीपेक्षा लवकर परत आले. मासा मोरीत ठेवला. पाठ केली नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "तपास."

मी दिव्याखाली धरला. ओठाला एक बारीक भोक होतं, मशीनच्या सुईने पाडल्यासारखं. कल्ल्यांमागे खवलं शाबूत. पिशवीत बर्फ नाही. ह्यांनी शब्द पाळला होता. कारखान्यात असते तर मी त्यावर पासचा शिक्का मारला असता.

हे आंघोळीला गेले. सवयीने मी हातमोजे घालून बादलीपाशी बसले आणि शर्ट उचलला. उजवी बाही कोरडी होती. मी इस्त्री केली होती त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

रात्रीपर्यंत मी काही विचारलं नाही. मग हे आपणहूनच म्हणाले, "मारायचा कसा, ते मला येतच नाही. नुसता धरून बसलो पाण्याबाहेर. फार वेळ लागतो त्याला." आणि हात धुवायला उठले. हात आधीच स्वच्छ होते.

तो मासा माझ्याच्याने तळवला नाही. पिशवीत गुंडाळून फ्रीजरच्या तळाशी ठेवून दिला.

त्यानंतर हे गेलेच नाहीत. काठी दारामागे उभी. ग्रुपवर ड्रायक्लीनवाल्यांनी लिहिलं, "चला, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं." त्याला अंगठे आले. मला हवं होतं तेच झालं होतं. नवरा घरात, दाराला कडी, गर्दीचा वारा नाही. आणि हे मागच्या खोलीत स्टुलावर, फळीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की यायचे, चार घास खायचे. मी खोकले की मान वर करायचे, आणि त्या नजरेत अशी काही अपराधी भीती असायची, की मीच चोरी केल्यासारखी खोकला गिळायचे. मला ह्यांचा राग येत होता, माझ्या छातीचा राग येत होता, त्या फाटकावरच्या पोलिसाचा तर फारच येत होता. एकट्याने बसायला गेलेल्या माणसाला ह्या नियमाने गर्दीत ढकललं होतं, आणि गर्दीतून मी ओढून काढलं ते असं.

एका सकाळी मी फ्रीजर उघडला. मासा लाकडासारखा ताठ झाला होता. ह्यांच्या पिशवीच्या तळाशी तो ठेवला, वर फडकं, गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्यांचा डबा आणि पाण्याची बाटली. मग काठी काढून ह्यांच्या पुढ्यात धरली.

"उठा," मी म्हणाले.

"मला नाही जमणार परत ते."

"करायचंच नाही परत. हाच दाखवायचा. पोलीस जाताना पिशवी उघडतो का?"

"नाही. येताना."

"तपासणारे सगळे माल निघतानाच तपासतात. आत काय गेलं ते कोणी बघत नाही. जन्म गेला माझा त्यात. थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडेल. आणि धक्क्याकडे नजरसुद्धा वळवायची नाही."

हे पिशवीत बघत राहिले. "ह्याला शेजारी घेऊन बसू?"

"बसा. त्याला मारलंत ना? मग त्याच्या जिवावर बाकीचे सोडा."

"आणि पोलिसाला संशय आला तर?"

"मला आला होता तेवढा कोणालाच येणार नाही," मी म्हणाले आणि ह्यांना दाराबाहेर घातलं.

दिवसभर मी खिडकीत होते. येताना दिसले तेव्हा काठी खांद्यावर होती आणि चाल सैल होती. मासा परत फ्रीजरमध्ये ठेवताना मी विचारलं, "काय म्हणाला पोलीस?"

"म्हणाला, आजचा मासा जरा दमलेला दिसतो."

"मग तुम्ही?"

"म्हटलं, लांबून आलाय."

हे आंघोळीला गेले. मी हातमोजे घातले, बादलीपाशी बसले आणि शर्ट वर उचलला. उजवी बाही नुसती निथळत होती, कोपराच्याही वरपर्यंत. चिखलाची एक नाही, चांगल्या दोन रेघा होत्या. मी ती बाही कितीतरी वेळ हातात धरून बसले. मग न्हाणीघराच्या दारावर थाप मारली आणि ओरडले, "अहो, बाही वर करायला काय होतं हो तुम्हाला?"

"विसरतो गं," आतून आवाज आला.